फाटकावरचे यंत्र गप्प आहे, म्हणजे भंगार स्वच्छ आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंगारापासून पोलाद तयार करणाऱ्या एका कारखान्याने वजनकाट्याजवळ किरणोत्सार मोजणारे दोन स्तंभ बसवले आहेत. दोन वर्षांत त्यांनी एकदाही इशारा दिलेला नाही, त्यामुळे किरणोत्सर्गी भंगार भट्टीपर्यंत पोहोचण्याची भीती आता उरलेली नाही, असे व्यवस्थापनाचे मत आहे. प्रश्न विचारणाऱ्या अभियंत्यांना ते पटत नाही, आणि असे काही चुकून वितळलेच तर ते नेमके कोठे जाते व कसे कळते, हेही त्यांना समजून घ्यायचे आहे.

अभियंत्यांची शंका रास्त आहे. विकिरण सुरक्षेच्या कामानिमित्त माझी बरीच वर्षे भंगाराच्या यार्डांत आणि भट्ट्यांच्या आसपास गेली आहेत, आणि व्यवस्थापनाचा हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील चूक कोठे आहे हे आधी सांगून टाकणे मला बरे वाटते. फाटकावरचे स्तंभ ट्रकच्या आत काय आहे हे मोजत नाहीत. ट्रकमधून बाहेर काय येते एवढेच ते मोजतात. या दोन गोष्टींमध्ये शिशाचे कवच असते, आणि त्यावर कित्येक टन लोखंडाचा ढीग असतो.

कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण निम्मे होण्यासाठी साधारण १२ मिलिमीटर जाडीचे शिसे लागते. कर्करोगावरील जुन्या कोबाल्ट उपचारयंत्राच्या डोक्यात स्रोताभोवती, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाभोवती, शिशाचा किंवा तत्सम जड धातूचा जो गोळा असतो, तो इतका जाड असतो की कवच शाबूत असताना यंत्राशेजारी तंत्रज्ञाला रोज निर्धास्त उभे राहता येते. वीस सेंटिमीटर शिशातून लाखातला जेमतेम एखादा भाग बाहेर पडतो. असे डोके अखंड स्थितीत ट्रकच्या मधोमध पडलेले असेल, तर त्याच्याभोवतीचे भंगारही त्यात भर घालते. सैल भंगाराची घनता घनमीटरला सुमारे ०.८ टन धरली, तर एक मीटर भंगार म्हणजे दहा सेंटिमीटर भरीव पोलाद झाले. त्यातून कोबाल्टचे किरण तिसाव्या हिश्शावर येतात आणि सीझियम-१३७ चे किरण त्याहून मंद असल्यामुळे आणखी कमी उरतात. शिवाय ट्रकभर लोखंड जमिनीतून येणारा नैसर्गिक किरणोत्सारही अडवते, त्यामुळे ट्रक स्तंभांमध्ये शिरताच यंत्राचे आकडे वाढण्याऐवजी किंचित उतरतात. यंत्राची आज्ञावली ही घट लक्षात घेत नसेल तर क्षीण संकेत त्या खड्ड्यातच बुडून जातो. थोडक्यात, फुटलेला आणि उघडा पडलेला स्रोत फाटकावर ओरडतो. सर्वांत बलवान स्रोत मात्र बहुधा सर्वांत जाड कवचात असतो, आणि तोच गप्प राहून आत येतो.

कवच फुटते ते पुढे, कापणीच्या वेळी. कात्री, श्रेडर किंवा गॅस कटर चालवणाऱ्या कामगारासाठी तो शिशाचा जड तुकडा असतो, आणि शिशाला भाव असतो. थायलंडमधील सामुत प्राकान येथे २००० साली नेमके हेच झाले. वापरात नसलेल्या उपचारयंत्राचे डोके भंगारवाल्याकडे पोहोचले, तेथे ते कापले गेले आणि सुमारे १५.७ टेराबेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन, टेरा म्हणजे एक लाख कोटी) कोबाल्ट-६० उघडे पडले. एवढ्या स्रोतापासून एक मीटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला तासाभरात ५ सिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) आसपास मात्रा मिळते, आणि वैद्यकीय मदत न मिळाल्यास चार-पाच सिव्हर्ट मात्रेने निम्मी माणसे दगावतात. तेथे तिघांचा मृत्यू झाला. अशा माणसाला त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी उलट्या सुरू होतात, काही दिवसांनी हात लाल होऊन फोड येतात, आणि डॉक्टरला कोणी भंगाराविषयी सांगितले नाही तर निदान विषबाधा किंवा त्वचारोगाकडे जाते.

दिल्लीतील मायापुरी या भंगार बाजारातील २०१० सालची घटना मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील गॅमा विकिरण यंत्र १९६८ मध्ये घेतले होते, १९८५ पासून ते पडून होते, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर अडगळीबरोबर त्याचा लिलाव झाला. त्यातून बाहेर पडलेल्या कोबाल्टमुळे एका माणसाचा जीव गेला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्गिता निम्मी होण्याचा काळ, ५.२७ वर्षे आहे. म्हणजे १९६८ पासून बेचाळीस वर्षांत मूळ भरण्याची किरणोत्सर्गिता सुमारे अडीचशेव्या हिश्शावर आली होती, तरीही ती जीवघेणी ठरली. ‘यंत्र फार जुने आहे, आता त्यात काय उरले असणार’ हे वाक्य मी कार्यालयांच्या वस्तुयादीत अक्षरशः लिहिलेले पाहिले आहे. असे शेरे मारणाऱ्यांना अर्धायुष्याचा साधा भागाकार करायला बसवावे, असे मला नेहमी वाटते.

आता भट्टीकडे वळू, कारण प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे. स्रोत वितळला की किरणोत्सर्गिता नष्ट होत नाही. उष्णतेचा अणुकेंद्रावर काहीही परिणाम होत नाही. ती फक्त रसायनशास्त्राच्या नियमांनी वाटली जाते. द्रव पोलादाचे तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस असते, आणि त्या तापमानाला प्रत्येक मूलद्रव्य आपापली वाट धरते. कोबाल्ट हा लोखंडाचा आवर्तसारणीतील शेजारी असल्यामुळे तो पोलादात विरघळतो आणि तेथेच राहतो. इरिडियमही धातूतच जाते. अमेरिशियम, रेडियम आणि स्ट्राँशियम यांना ऑक्सिजनची ओढ जास्त असल्याने ती द्रव पोलादावर तरंगणाऱ्या अशुद्धींच्या थरात, म्हणजे मळीत, जातात. सीझियम ६७१ अंशांनाच उकळते, आणि स्रोतांमध्ये वापरले जाणारे सीझियम क्लोराइडही भट्टीच्या तापमानाला टिकत नाही. त्यामुळे त्याचा मोठा भाग वाफ होऊन धुरांड्याच्या मार्गाला लागतो आणि बॅग फिल्टरमधील, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांमधील, धुळीवर जमा होतो. ‘वितळले तर कळेल कसे’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका वाक्यात देता येत नाही. पोलादाचा नमुना स्वच्छ निघाला, तर त्यातून फक्त कोबाल्ट आणि त्याच्यासारखे धातू नव्हते एवढेच सिद्ध होते.

कोबाल्टच्या वाटेचे सर्वांत मोठे उदाहरण मेक्सिकोतील स्यूदाद हुआरेसचे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये एका साठवणीतील उपचारयंत्राचा भाग भंगारात विकला गेला. त्यात कोबाल्ट-६० च्या सुमारे सहा हजार बारीक गोळ्या होत्या, प्रत्येकी जेमतेम एक मिलिमीटरची. काही वाटेत ट्रकमध्ये आणि यार्डात सांडल्या, बाकीच्या ओतशाळांत पोहोचल्या आणि त्यांतून बांधकामाच्या सळ्या व टेबलांचे पाय तयार होऊन विकले गेले. हे कोणत्याही तपासणीत उघड झाले नाही. १६ जानेवारी १९८४ रोजी सळ्या घेऊन निघालेला एक ट्रक अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेजवळ चुकून अशा ठिकाणी आला, जेथे वाहनांसाठी किरणोत्साराचा संवेदक होता, आणि तेव्हा सगळे कळले. तोपर्यंत हजारो टन सळ्या दोन देशांत पसरल्या होत्या, आणि पुढे हजारो इमारती तपासून शेकडो इमारती पूर्णतः किंवा अंशतः पाडाव्या लागल्या. तैवानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या इमारतींच्या सळ्यांतील कोबाल्ट १९९२ मध्ये उघडकीस आले. माणसे जवळजवळ दहा वर्षे त्या भिंतींच्या आत राहत होती. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडले. ते पोलाद भारतातून गेले होते. त्यातून मिळालेली मात्रा धोकादायक नव्हती, पण निर्यातदार कारखान्यांच्या दारात तपासणी येण्यास त्या बटणांनी बराच हातभार लावला.

सीझियमची वाट मला अधिक धोक्याची वाटते, कारण ती मालात दिसत नाही. ३० मे १९९८ च्या सुमारास स्पेनमधील लोस बार्रिओस येथील अ‍ॅसेरिनॉक्सच्या कारखान्यात सीझियम-१३७ चा एक स्रोत भंगाराबरोबर वितळला. फाटकावर यंत्रे होती. त्यांनी काही सांगितले नाही. पोलाद स्वच्छ निघाले. सीझियमचा बराचसा भाग धुळीत साठला आणि काही भाग फिल्टरमधून निसटून हवेत गेला. कारखान्याला पत्ता लागण्याआधी ती धूळ प्रक्रियेसाठी दुसऱ्या ठिकाणी पोहोचलीही होती, आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी या देशांतील हवेचे नमुने घेणाऱ्या केंद्रांना नेहमीपेक्षा कित्येक पट जास्त सीझियम आढळले होते. त्या हवेमुळे कोणाच्या आरोग्याला धोका झाला नाही. स्वच्छता, बंद उत्पादन आणि कचऱ्याची विल्हेवाट यांचा खर्च मात्र कोट्यवधी डॉलरमध्ये गेला.

हीच गोष्ट अलीकडेही घडते आहे. मार्च २०२३ मध्ये थायलंडच्या प्राचिनबुरी प्रांतातील एका वीजनिर्मिती केंद्रातून सीझियम-१३७ असलेले सुमारे २५ किलो वजनाचे एक नळकांडे नाहीसे झाले. शोध सुरू असताना सीझियम सापडले ते एका भट्टीच्या लालसर धुळीत, पोत्यांत भरलेल्या स्थितीत. २०२५ मध्ये इंडोनेशियातील चिकांदे औद्योगिक वसाहतीतून निर्यात झालेल्या कोळंबीत अमेरिकेत सीझियम-१३७ आढळले, आणि माग काढता काढता तपास त्याच वसाहतीतील भंगार वितळवणाऱ्या कारखान्यापर्यंत गेला. कोळंबीतील पातळी किलोमागे सुमारे ६८ बेकरेल होती, म्हणजे अमेरिकेच्या १२०० बेकरेलच्या हस्तक्षेप मर्यादेपेक्षा पुष्कळच खाली. तरीही भट्टीच्या धुळीने शेजारच्या अन्नप्रक्रिया उद्योगाचा व्यवसाय अडचणीत आणला.

धुळीचे गणित एकदा आकड्यांत पाहावे. समजा शंभर टनांच्या एका घाणीत, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवल्या जाणाऱ्या मालात, १ टेराबेकरेलचा सीझियम स्रोत गेला. विद्युत आर्क भट्टीत टनामागे साधारण १५ किलो धूळ निघते, म्हणजे या घाणीची दीड टन. सगळे सीझियम धुळीत गेले असे धरले तर प्रत्येक ग्रॅममध्ये सहा लाखांहून अधिक बेकरेल होतात. माल किरणोत्सर्गी मानून नियंत्रणात ठेवण्याची गरज नाही असे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मानली जाणारी मर्यादा कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ या दोन्हींसाठी ग्रॅममागे ०.१ बेकरेल आहे. तोच १ टेराबेकरेल या मर्यादेपर्यंत सौम्य करायचा तर एक कोटी टन माल लागेल. ‘थोडेसे चांगल्या मालात मिसळून टाकू’ असे कोणी सुचवले, तर त्याला हा आकडा दाखवावा. आणि ही धूळ नुसती पडून राहत नाही. तिच्यात जस्त असते म्हणून ती विकली जाते, आणि तिच्याबरोबर सीझियम दुसऱ्या कारखान्यात, कधी दुसऱ्या देशात जाते.

त्यामुळे माझे मत असे की फाटकावर आणखी एक महागडा स्तंभ बसवण्यापेक्षा तेच पैसे आतल्या दोन जागी लावावेत. पहिली जागा प्रयोगशाळा. रासायनिक पृथक्करणासाठी प्रत्येक घाणीचा नमुना घेतलेलाच असतो. तोच नमुना सोडियम आयोडाइडच्या संवेदकापुढे काही मिनिटे ठेवला की कोबाल्टचे १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेचे जोडशिखर ओळखता येते. ओतलेला माल आवाराबाहेर जाण्याआधी हे निष्कर्ष आले पाहिजेत, अन्यथा त्याचा उपयोग केवळ पश्चात्तापापुरता. दुसरी आणि अधिक दुर्लक्षित जागा म्हणजे बॅग फिल्टरखालचे धुळीचे कोठार. तेथे धुळीच्या नळीवर कायमचा संवेदक लावावा, आणि त्याचा इशारा केवळ धूळ सांभाळणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला न जाता भट्टीच्या नियंत्रण कक्षात वाजावा. एका कारखान्यात हा संवेदक उत्तम स्थितीत चालू होता, पण त्याचा दिवा बॅग फिल्टरच्या मागच्या भिंतीवर होता, जेथे आठवड्यातून एकदा कोणी फिरकत असे. मळीचा नमुना रोज एक घेतला तरी चालेल. मात्र अमेरिशियमचे मुख्य गॅमा किरण ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट इतके मंद असतात की ते पातळ पोलादी पत्र्याने अडतात आणि फाटकावर ते सापडण्याची आशा जवळजवळ नसतेच, म्हणून मळीची तपासणी पूर्णपणे गाळू नये.

फाटकाची यंत्रे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. उघडे स्रोत, दूषित नळ्या आणि रेडियमच्या जुन्या तबकड्या ती पकडतात. पण ट्रक त्यांच्यामधून चालण्याच्या गतीने गेला पाहिजे. चालक घाईने निघून गेला, तर मोजणीला लागणारा वेळच मिळत नाही. आणि दोन वर्षांत एकही इशारा नाही ही बाब मला समाधानाची नव्हे, संशयाची वाटते. नीट जुळवलेले यंत्र अधूनमधून निरुपद्रवी गोष्टींसाठी वाजतेच: तेलविहिरींच्या नळ्यांत साचलेल्या रेडियमयुक्त खपलीसाठी, भट्टीच्या झिरकॉनयुक्त विटांसाठी, थोरियम असलेल्या वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडसाठी, कधी थायरॉइडवर आयोडीन-१३१ चे उपचार घेऊन कामावर परतलेल्या चालकासाठीही. मला भेटलेल्या अशा एका चालकाला तीन वेळा ट्रक फिरवायला लावला होता. शेवटी त्याला खाली उतरवून ट्रक दुसऱ्याकडून आत नेला तेव्हा यंत्र शांत राहिले आणि तो माणूस स्तंभाजवळ येताच पुन्हा वाजले. दोन वर्षे पूर्ण शांतता असेल, तर इशाऱ्याची पातळी कोणीतरी त्रास नको म्हणून वर सरकवली आहे का, हे आधी पाहावे, आणि दर आठवड्याला एक लहान तपासणी-स्रोत दाखवून यंत्र प्रतिसाद देते की नाही याची नोंद ठेवावी.

इशारा झाला तर काय करावे, यात एकच चूक वारंवार होते: ट्रक परत पाठवला जातो. पुरवठादार वाद घालतो, खरेदी विभागाला भानगड नको असते, आणि तो ट्रक पुढच्या, यंत्र नसलेल्या कारखान्याकडे जातो. त्याच क्षणी स्रोताचा माग संपतो. ट्रक आवाराच्या एका मोकळ्या कोपऱ्यात उभा करावा, चालकाला उतरवावे, हातातील मापकाने दुरून जवळ येत चारही बाजू तपासाव्यात आणि सर्वाधिक वाचनाची जागा खडूने खुणावावी. नैसर्गिक पातळी तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असते. वाचन तासाला १०० मायक्रोसिव्हर्टपर्यंत गेले की तेथेच थांबून दोरी बांधावी, मागे यावे आणि नियामक संस्थेला कळवावे. चुंबकी क्रेनने माल उपसून शोध घेण्याचा मोह टाळावा. अखंड कवच फोडण्याचा तो हमखास मार्ग आहे.

कळवणाऱ्याला त्रास होणार असेल तर कोणी कळवत नाही. लोस बार्रिओसच्या घटनेनंतर स्पेनने १९९९ मध्ये सरकार, नियामक संस्था, पोलाद उद्योग आणि कामगार संघटना यांच्यात एक करार केला; सापडलेला स्रोत स्वीकारून तो सांभाळण्याची जबाबदारी सरकारी कचरा-व्यवस्थापन कंपनीकडे दिली. कागदोपत्री कडक पण व्यवहारात कारखान्यालाच आरोपी बनवणाऱ्या नियमांपेक्षा ही पद्धत मला अधिक उपयोगी वाटते.

यंत्राला जे दिसत नाही ते कधीकधी डोळ्यांना दिसते, म्हणून ढीग उपसणाऱ्या आणि कापणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण मी फाटकाइतकेच महत्त्वाचे मानतो. आकाराच्या मानाने फार जड असलेला डबा, शिशाने भरलेली बंद पेटी, तीन पाकळ्यांचे पिवळे चिन्ह, किंवा २००७ पासून मोठ्या स्रोतांसाठी आलेले कवटी आणि पळणाऱ्या माणसाचे लाल चिन्ह, एवढ्या चार गोष्टी छायाचित्रांसह कापणीच्या जागी लावल्या तरी पुष्कळ काम होते. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातील सीझियमचा डबा फोडणाऱ्यांना त्या भुकटीचा निळा प्रकाश सुंदर वाटला आणि ती नातेवाइकांत वाटली गेली. चौघे मरण पावले, २४९ जण दूषित झाले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. डबा फोडणाऱ्यांना आपल्या हातात काय आहे हे ठाऊक नव्हते.

शेवटी एक जागा राहते, आणि ती बहुतेक व्यवस्थापनांच्या नजरेतून सुटते. द्रव पोलाद सलग ओतून घट्ट करणाऱ्या, म्हणजे अखंड ओतकामाच्या, यंत्रात साच्यातील पोलादाची पातळी मोजण्यासाठी अनेक ठिकाणी कोबाल्ट-६० चा लहान स्रोत वापरतात, आणि चुनखडी किंवा धुळीच्या कोठारांवर सीझियमचे पातळीमापक असतात. म्हणजे भट्टीत जाऊ शकणारा सर्वांत जवळचा स्रोत ट्रकमधून यावा लागत नाही. तो आवारातच आहे. साचा दुरुस्तीसाठी काढताना, द्रव पोलाद फुटून बाहेर आल्यावर सफाई करताना किंवा जुना विभाग पाडताना हे मापक यंत्राच्या सुट्या भागांबरोबर आपल्याच भंगाराच्या ढिगात जाऊ शकतात, आणि घरचे भंगार फाटकावरच्या स्तंभांमधून जातच नाही. म्हणून प्रत्येक मापकाचा क्रमांक, जागा आणि सद्यस्थिती यांची यादी दर महिन्याला प्रत्यक्ष पाहून तपासावी, आणि साचा सुटा करण्याच्या परवान्यावर विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय गॅस कटर पेटवू देऊ नये.